तैशो दोन : एकाच वर्षी जन्मलेल्या तीन जपानी संस्था

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत जपानची सनावळी ठराविक असते. १८६८ ची मेइजी राज्यक्रांती, १८८९ ची राज्यघटना, १९०४-०५ चे रशियाशी युद्ध, १९१५ साली चीनपुढे ठेवलेल्या एकवीस मागण्या. विद्यार्थी ही सनावळी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळा होतो. या यादीत १९१३ हे साल सहसा नसते. असलेच तर त्या वर्षी फेब्रुवारीत लोकांच्या रेट्यापुढे कात्सुरा मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला, एवढ्या एका ओळीपुरते. वर्गात जपान शिकविताना मीही बरीच वर्षे त्या एका ओळीवरूनच पुढे सरकत असे. परंतु एखाद्या समाजाच्या घडणीचा विचार मंत्रिमंडळांच्या उदयास्तावरून करावा की त्या समाजाने निर्माण केलेल्या संस्थांवरून, असा प्रश्न मनात आला की हेच साल निराळे दिसू लागते.

१९१३ च्या जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत जपानमध्ये तीन सांस्कृतिक उपक्रमांचा आरंभ झाला. जुलैमध्ये टोकियोत 'गेइजुत्सुझा' म्हणजे 'कला-मंडळी' ही नाटक मंडळी निघाली. त्याच महिन्यात पश्चिमेकडे ओसाका शहराजवळच्या ताकाराझुका गावी मुलींचे एक गायनपथक तयार झाले. आणि ५ ऑगस्टला टोकियोच्या जिम्बोचो भागात 'इवानामी शोतेन' या नावाचे जुन्या पुस्तकांचे एक दुकान उघडले. नाटक मंडळी जेमतेम साडेपाच वर्षे जगली. गायनपथकाचे जगप्रसिद्ध संगीत-नाट्यसंस्थेत रूपांतर झाले. पुस्तकांच्या दुकानातून जपानमधील एक अत्यंत प्रतिष्ठित प्रकाशनसंस्था उभी राहिली. या दोन्ही संस्थांनी २०१३ साली शंभरी गाठली. काळ एक, देश एक, प्रेक्षक-वाचक बव्हंशी त्याच वर्गातले; मग एकीचे आयुष्य इतके अल्प आणि दोघींचे इतके दीर्घ का? या लेखात मी याच प्रश्नाचा विचार करणार आहे. (जपानी माणसे आडनाव आधी लिहितात, तीच पद्धत येथे पाळली आहे.)

पार्श्वभूमी

सम्राट मेइजी ३० जुलै १९१२ रोजी मरण पावला आणि त्याचा पुत्र तैशो या नावाच्या शकाने गादीवर आला. म्हणून १९१३ हे जपानी गणनेप्रमाणे तैशो दोन. मेइजी काळाच्या अखेरीस शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचे प्रमाण शेकडा ९५ च्या वर गेले होते आणि १९०७ मध्ये सक्तीचे शिक्षण सहा वर्षांचे करण्यात आले होते. याचा अर्थ असा की वाचता येणारी, पगारावर जगणारी, रविवारी घराबाहेर पडणारी एक पिढी शहरांतून तयार झाली होती. जुनी करमणूक तिला पुरेशी वाटत नव्हती आणि पाश्चात्त्य विद्येचा लाभ विद्यापीठाबाहेर तिला मिळत नव्हता. तिन्ही संस्था या एकाच भुकेतून जन्मल्या.

दुसरी गोष्ट रंगभूमीवरील स्त्रीची. तोकुगावा राजवटीने १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर येण्यास बंदी केली आणि तेव्हापासून काबुकीत स्त्री-भूमिका पुरुषच करीत आले. मेइजी काळात ही बंदी राहिली नाही, तरी नटी म्हणजे कुलीन घरात जिचे नाव काढू नये अशी बाई, ही समजूत तशीच राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवला म्हणजे पुढच्या दोन संस्थांतील फरक नीट कळतो.

गेइजुत्सुझा : दोन माणसांची संस्था

शिमामुरा होगेत्सु (जन्म १८७१) हा वासेदा विद्यापीठात साहित्याचा प्राध्यापक होता. १९०२ ते १९०५ या काळात तो ऑक्सफर्ड आणि बर्लिन येथे शिकला आणि तेथील नाटके त्याने डोळे भरून पाहिली. परत आल्यावर आपले गुरू त्सुबोउची शोयो यांच्या 'बुंगेइ क्योकाइ' या साहित्य-नाट्यसंस्थेत तो काम करू लागला. संस्थेने १९०९ मध्ये नटनट्यांसाठी शिक्षणवर्ग काढला. त्यात नागानो प्रांतातील डोंगराळ मुलुखातून आलेली, एकदा घटस्फोट झालेली एक तरुणी दाखल झाली. तिचे रंगभूमीवरचे नाव मात्सुइ सुमाको. १९११ मध्ये तिने 'हॅम्लेट'मधील ऑफिलिया आणि त्याच वर्षी इब्सेनच्या 'डॉल्स हाऊस'मधील नोरा साकार केली. घर सोडून जाणारी नोरा जपानी प्रेक्षकांनी प्रथमच एका स्त्रीच्या रूपात पाहिली आणि तिच्यावर वर्तमानपत्रांतून नि मासिकांतून वादाचे मोहोळ उठले.

पुढे विवाहित, मुलाबाळांच्या होगेत्सूचे आणि सुमाकोचे प्रेमसंबंध जुळले. शोयोंच्या शिस्तीत ते बसणे शक्य नव्हते. सुमाकोला संस्थेतून काढण्यात आले, होगेत्सूने प्राध्यापकी सोडली, आणि बुंगेइ क्योकाइ विसर्जित झाली. या मोडतोडीतून १९१३ च्या जुलैमध्ये गेइजुत्सुझा जन्मली. सप्टेंबरमध्ये मेटरलिंकच्या 'मोना व्हाना'ने तिने पडदा उघडला.

होगेत्सूचे धोरण समजून घेण्यासारखे आहे. कलात्मक नाटके करावयाची तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर लोकांना रुचणारी नाटकेही केली पाहिजेत. एका हाताने मिळवावे आणि दुसऱ्या हाताने कलेसाठी खर्च करावे, असा हा दुहेरी मार्ग. २६ मार्च १९१४ रोजी टोकियोच्या इंपिरियल थिएटरमध्ये टॉलस्टॉयच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवरील नाटक लागले. त्यात सुमाको कात्यूशाचे गाणे म्हणत असे. चाल दिली होती नाकायामा शिम्पेइ याने. हा तरुण होगेत्सूच्या घरी राहून, पडेल ते काम करून शिकत असे. गाणे देशभर पसरले. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ज्यांनी नाटक पाहिले नव्हते तेही ते गुणगुणू लागले. नाटकाचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. जपानमधील आधुनिक लोकप्रिय गीतांचा इतिहास अभ्यासक याच गाण्यापासून मोजू लागतात. मिळालेल्या पैशांतून होगेत्सूने स्वतःचे नाट्यगृहही बांधले.

येथपर्यंत सर्व ठीक चालले. परंतु मंडळीचा डोलारा दोनच खांबांवर उभा होता. सुमाकोचे प्रस्थ वाढले तसे इतर नट दुखावून बाहेर पडू लागले. त्यांपैकी सावादा शोजिरो याने १९१७ मध्ये 'शिनकोकुगेकी' ही स्वतःची मंडळी काढून मोठे नाव मिळविले. त्या काळी जगभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती. तीत ५ नोव्हेंबर १९१८ रोजी होगेत्सू गेला. बरोबर दोन महिन्यांनी, ५ जानेवारी १९१९ ला, 'कार्मेन'चे प्रयोग चालू असतानाच सुमाकोने आपले जीवन संपविले. त्याबरोबर गेइजुत्सुझा संपली. घटना नव्हती, वारस नव्हता, भांडवल नव्हते. दोन माणसे गेली आणि मंडळीही गेली.

ताकाराझुका : रेल्वेच्या टोकाचे गाणे

दुसऱ्या संस्थेचा जनक कलावंत नव्हता. कोबायाशी इचिझो (१८७३-१९५७) हा प्रथम बँकेत नोकरीला होता. पुढे मिनोओ-आरिमा विद्युत रेल्वे या नव्या कंपनीची धुरा त्याच्याकडे आली. १९१० मध्ये ओसाकातील उमेदा स्थानकापासून ताकाराझुकापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. मार्ग भातशेतीतून आणि टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा. प्रवासी मिळणार कोठून? कोबायाशीने रुळांच्या कडेची जमीन घेतली, तिच्यावर घरे बांधली आणि नोकरदारांना ती मासिक हप्त्यांनी विकली. सकाळी शहराकडे जाणारा प्रवासी अशा रीतीने तयार झाला. आता शहराकडून दुसऱ्या टोकाला जाणारा प्रवासी हवा होता. म्हणून १९११ मध्ये ताकाराझुकाला गरम पाण्याच्या झऱ्याचे स्नानगृह आणि त्यापाठोपाठ घरातला पोहण्याचा तलाव काढला.

तलाव साफ फसला. पाणी फार गार, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्यास परवानगी नाही. तेव्हा कोबायाशीने तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागृह केले आणि कपडे बदलण्याच्या जागेचा रंगमंच केला! मित्सुकोशी या मोठ्या दुकानाचे मुलांचे वाद्यवृंद पथक त्या वेळी लोकप्रिय होते. त्यावरून मुलींच्या पथकाची कल्पना निघाली. जुलै १९१३ मध्ये सोळा मुली घेतल्या गेल्या. त्यांचा पहिला प्रयोग १ एप्रिल १९१४ रोजी झाला. त्यातील मुख्य खेळ 'दोंबुराको', म्हणजे पीच फळातून जन्मलेल्या मोमोतारोची सर्व जपानी मुलांना ठाऊक असलेली गोष्ट. स्नानगृहाला आलेल्यांना तो फुकट पाहावयास मिळे.

नटीविषयीच्या समजुतीचे काय करावयाचे? सुमाकोने त्या समजुतीशी उघड टक्कर घेतली. कोबायाशीने ती टक्करच टाळली. त्याने मुलींना नटी म्हटलेच नाही, त्या 'विद्यार्थिनी'. १९१९ मध्ये रीतसर संगीत-नाट्य शाळा स्थापून त्याने या शब्दाला सरकारमान्य आधार दिला. आजही तेथील प्रथम श्रेणीची कलावती 'विद्यार्थिनी'च म्हणविली जाते. 'शुद्ध, सरळ, सुंदर' असे ब्रीद ठरले. लग्न करणारीने संस्था सोडावी असा दंडक पडला. मध्यमवर्गीय बाप आपल्या मुलीला सुमाकोच्या मंडळीत पाठविण्यास धजावला नसता, तो ताकाराझुकाच्या शाळेत पाठविण्यात मात्र भूषण मानू लागला.

सर्व कलाकार मुलीच असल्याने पुरुष-भूमिकाही त्यांनीच करावयाच्या. त्यातून पुरुषवेषात वावरणाऱ्या नायिकांची एक स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. मराठी वाचकाला येथे एक योगायोग आठवल्यावाचून राहणार नाही. नेमक्या त्याच जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. इकडे पुरुषाने साकारलेल्या स्त्रीवर महाराष्ट्र लुब्ध झाला. तिकडे स्त्रीने साकारलेल्या पुरुषावर जपानी प्रेक्षक, आणि त्यातही स्त्रिया, लुब्ध झाल्या. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही; परंतु स्त्रीच्या रंगमंचावरील वावराविषयीचा संकोच दोन समाजांनी किती उलट वाटांनी सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

१९२४ मध्ये ताकाराझुकाला चार हजार आसनांचे भव्य नाट्यगृह उभे राहिले. नाट्यगृह मोठे असेल तर तिकीट स्वस्त ठेवता येते, हा कोबायाशीचा हिशेब. १९२७ मध्ये 'मों पारी' हा जपानमधील पहिला 'रेव्ह्यू', म्हणजे नृत्य-गीतांची अखंड मालिका, येथे झाला. १९३४ मध्ये टोकियोत नाट्यगृह निघाले. १९७४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवरील 'व्हर्सायचा गुलाब' या चित्रकथेच्या नाट्यरूपाने लोकप्रियतेचा नवा उच्चांक गाठला. १९९५ च्या जानेवारीतील भीषण भूकंपाने नाट्यगृहाची हानी झाली, तरी मार्चअखेर पडदा पुन्हा वर गेला.

इवानामी : एकच भाव

तिसरा आरंभ सर्वांत साधा. इवानामी शिगेओ हा १८८१ मध्ये नागानो प्रांतातील सुवा येथे शेतकरी कुटुंबात जन्मला. तत्त्वज्ञान शिकून तो टोकियोत मुलींच्या एका शाळेत शिक्षक झाला. परंतु स्वतःलाच ज्याची खात्री नाही ते दुसऱ्याला काय शिकवावे, या विचाराने त्याने नोकरी सोडली आणि जुन्या पुस्तकांचे दुकान घातले. जिम्बोचो भाग त्याच वर्षी फेब्रुवारीत मोठ्या आगीत होरपळला होता आणि नव्याने उभा राहत होता. दुकानाची पाटी लिहून दिली ती प्रख्यात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी.

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात घासाघीस हा रिवाजच होता. इवानामीने प्रत्येक पुस्तकावर किंमत लिहून ठेवली आणि तीत एक पैचाही फरक करावयाचा नाही असे ठरविले. आपल्याला ही गोष्ट लहान वाटेल. मला मात्र यातच पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज दिसते. गिऱ्हाईक ओळखीचे असो की अनोळखी, प्राध्यापक असो की हमाल, पुस्तकाची किंमत एकच. म्हणजे व्यवहार माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे, तर जाहीर नियमावर चालावयाचा.

१९१४ मध्ये सोसेकींची 'कोकोरो' ही कादंबरी इवानामीने प्रसिद्ध केली. नवख्या प्रकाशकाजवळ पैसा नव्हता. छपाईचा खर्च लेखकाने स्वतः सोसला आणि पुस्तकाची सजावटही स्वतःच केली. १९१६ च्या डिसेंबरात सोसेकी गेले, आणि त्यांच्या समग्र साहित्याच्या प्रकाशनाने इवानामीचा पाया पक्का झाला.

जुलै १९२७ मध्ये 'इवानामी बुंको' ही ग्रंथमाला सुरू झाली. जर्मनीतील रेक्लाम प्रकाशनाच्या स्वस्त मालेचा आदर्श समोर होता. खिशात मावणारा आकार, जगातील आणि जपानमधील अभिजात ग्रंथ, आणि किंमत ताऱ्यांवर. साधारण शंभर पानांना एक तारा, एका ताऱ्याला वीस सेन, म्हणजे येनचा पाचवा हिस्सा. वाचकाने आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक पुस्तक निवडावे, सबंध संच गळ्यात बांधून घेऊ नये, हा त्यामागचा विचार. मालेच्या जाहीरनाम्याचा मसुदा तत्त्वज्ञ मिकी कियोशी याने केला होता. हा मिकी पुढे सप्टेंबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावरही सुटका न झाल्याने, तुरुंगातच मरण पावला. १९३८ मध्ये समकालीन विषयांवरील 'शिनशो' ही दुसरी छोटेखानी माला निघाली. १९५५ मध्ये 'कोजिएन' हा शब्दकोश प्रसिद्ध झाला. जपानी भाषेत एखाद्या शब्दाविषयी वाद निघाला की आजही लोक तो कोश उघडतात.

या वाटेवर संकटेही आली. इतिहासकार त्सुदा सोकिची यांनी जपानच्या प्राचीन बखरींची चिकित्सा करून देवकालीन सम्राटांच्या कथा इतिहास नव्हेत असे दाखविले होते. १९४० मध्ये त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि लेखकाबरोबर प्रकाशकावरही खटला झाला. १९४२ मध्ये दोघांनाही दोषी ठरविण्यात आले. १९४४ मध्ये मुदतीच्या मुद्द्यावर खटला संपला. १९४६ च्या आरंभी 'सेकाइ' म्हणजे 'जग' हे मासिक सुरू करून त्याच वर्षी एप्रिलमध्ये इवानामीने देह ठेवला. त्याच्या मागे दुकान एक दिवसही थांबले नाही.

तिहींची तुलना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिले उत्तर पैशाचे. ताकाराझुकाच्या मागे रेल्वे होती. खेळात तोटा आला तरी तिकीटघरात तो भरून निघे. इवानामीजवळ रेल्वे नव्हती, पण विश्वासाने पुन्हा पुन्हा येणारा वाचक होता. गेइजुत्सुझाजवळ दर प्रयोगाच्या उत्पन्नाखेरीज काहीच नव्हते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण होगेत्सूच्या मृत्यूच्या वेळी मंडळी लोकप्रिय होती, कंगाल नव्हती.

दुसरे आणि मला अधिक पटणारे उत्तर असे की टिकलेल्या दोन संस्थांनी संस्थापकाचा गुण एखाद्या नियमात बांधून ठेवला. ताकाराझुकात तो नियम म्हणजे शाळा. दरवर्षी नव्या मुली आत येतात, दोन वर्षे शिकतात, रंगमंचावर जातात, आणि कितीही मोठी नायिका झाली तरी एक दिवस निरोप घेऊन बाहेर पडते. तारका जाणार हे तेथे गृहीतच धरलेले आहे. इवानामीत तो नियम म्हणजे जाहीर किंमत आणि निवडीची कसोटी. गेइजुत्सुझात नियम नव्हता, प्रतिभा होती. आणि प्रतिभेला वारसा नसतो.

परंतु येथेच थांबलो तर 'टिकले ते श्रेष्ठ' असा सोपा निष्कर्ष निघेल, आणि तो मला मान्य नाही. टिकण्याचीही किंमत असते. युद्धकाळात ताकाराझुकाने सत्तेचे बोट धरले. १९३८ मध्ये पथकाने जर्मनी-इटलीचा दौरा केला, आणि १९४० मध्ये संस्थापक स्वतः मंत्रिमंडळात गेला. त्याच १९४० मध्ये दुसऱ्या संस्थापकावर खटला भरला गेला, हे विसरता येत नाही. अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, ताकाराझुकातील एका तरुण कलावतीचा मृत्यू झाला. अतिश्रम आणि वरिष्ठांकडून होणारा जाच यांची चर्चा देशभर झाली, आणि मार्च २०२४ मध्ये व्यवस्थापनाला जाच झाल्याचे मान्य करून क्षमा मागावी लागली. ज्या शिस्तीने संस्था शंभर वर्षे तगली तीच शिस्त माणसाला चिरडूही शकते. नियम माणसांसाठी असतो, याचा विसर पडला की संस्था जिवंत राहते आणि तिच्यातला जीव जातो.

उलट, अल्पायुषी गेइजुत्सुझा खरोखर संपली का? तिच्यातून सावादाची मंडळी निघाली. नाकायामा शिम्पेइ पुढे जपानमधील सर्वांत लोकप्रिय संगीतकारांपैकी एक झाला. १९१५ मध्ये सुमाकोसाठी त्याने बांधलेले नावाड्याचे गाणे १९५२ मध्ये कुरोसावाच्या 'इकिरू' या चित्रपटात एक मरणोन्मुख कारकून बर्फात झोक्यावर बसून गातो. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांनी १९१३ च्या त्या मोडलेल्या मंडळीचा आवाज नकळत ऐकला आहे. आणि नोराच्या रूपाने सुमाकोने विचारलेला प्रश्न 'विद्यार्थिनी' या शब्दाआड झाकला गेला, तरी सुटला मात्र नाही.

विद्यार्थी मित्रांनो, महाविद्यालयात दर जूनमध्ये नवी मंडळे निघतात आणि मार्चमध्ये त्यांपैकी बरीच मावळतात. हौस, वक्तृत्व, एखादा तडफदार सचिव, एवढ्या भांडवलावर आरंभ उत्तम होतो. त्या सचिवाचे शेवटचे वर्ष संपले की मंडळाच्या वह्या कपाटात जातात. मोडलेल्या मंडळाला मी कधीही व्यर्थ म्हणणार नाही. एखादे गाणे, एखादा नट, एखादा प्रश्न मागे राहिला तरी पुष्कळ झाले. पण ज्यांना आपले काम आपल्यामागे चालावे असे वाटते त्यांनी जिम्बोचोच्या दुकानदाराने पहिल्या दिवशी केले ते करावे. आपला नियम सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहून ठेवावा, आणि तो प्रथम स्वतः पाळावा.